गोडी आधी की सराव आधी?

गणितावरचा लेख इतिहासाच्या शिक्षकाने लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु निवासी विद्यालयात विषयांच्या भिंती फारशा टिकत नाहीत. सायंकाळच्या अभ्यासिकेवर ज्याची पाळी असते, त्याच्यासमोर इतिहासाचे पुस्तक क्वचित आणि गणिताची वही नित्य उघडी असते. रविवारी मुलांना भेटायला येणारे पालकही विषय-शिक्षक कोण, हे पाहत नाहीत. जो भेटेल त्याला ते एकच प्रश्न विचारतात : "सर, बाकी सारं ठीक आहे, पण गणितात त्याचं मनच लागत नाही. काय करावं जी?"

त्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन पालकांची बोळवण करणे बरे नव्हे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते थोडे सविस्तर मांडतो.

पालकांच्या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. आधी मन लागते, गोडी उत्पन्न होते आणि मग माणूस उदाहरणे सोडवू लागतो, असे ते गृहीत आहे. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. एक लहान उदाहरण स्वतःच्या हाताने सुटते, त्याचे समाधान लाभते, त्या समाधानाच्या बळावर दुसरे हाती घेतले जाते आणि पाच-पन्नास उदाहरणांनंतर ज्याला आपण गोडी म्हणतो ती मागून येते. ती येईपर्यंत थांबून राहणारा विद्यार्थी थांबूनच राहतो. तेव्हा खरा प्रश्न गोडी कशी लावावी हा नसून, गोडी लागेपर्यंत सराव कसा टिकवावा, हा आहे.

कंटाळ्याच्या मुळाशी

गणिताचा कंटाळा म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा निराळेच काही असते. दहावीच्या मुलाला वर्गसमीकरणाचा कंटाळा येतो असे आपण म्हणतो. त्याच्याजवळ बसून पाहिले तर समीकरणाची मांडणी त्याला समजलेली असते, पण अवयव पाडताना पाढे आडवे येतात किंवा ऋण चिन्हाचा गोंधळ होतो. म्हणजे अडचण दहावीची नसून पाचवी-सहावीची असते. मागे राहिलेली एक वीट पुढच्या सगळ्या भिंतीला हलवत राहते आणि मुलाला वाटते की भिंत बांधणे आपले कामच नव्हे.

काही अडचणी तर भाषेतच असतात. मराठीत आपण 'सदुसष्ट' म्हणतो तेव्हा सात आधी उच्चारतो, पण लिहिताना सहा आधी लिहितो. 'एकोणसाठ' या शब्दात तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात एकोणसाठ. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट्या क्रमाची ही संख्यानामे लहान मुलांना जड जातात. त्या उपायाविषयी मतभेद असू शकतात. पण ज्या घरात शाळेची पायरी चढणारे पहिलेच मूल आहे, त्या मुलाला अशा ठिकाणी पहिली ठेच लागते, हे निरीक्षण खरे आहे. ठेच लागल्यावर कोणी उचलले नाही तर मूल त्या वाटेनेच जायचे टाळते. त्या टाळण्याला पुढे आपण 'कंटाळा' हे नाव देतो.

यावरून पहिला उपाय निघतो. मन लागत नसेल तर दोन इयत्ता मागे जावे. आठवीच्या मुलाने सहावीचे पुस्तक उघडण्यात कमीपणा नाही. अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, शेकडेवारी आणि तीसपर्यंतचे पाढे एवढी पाच कामे एका सुटीत पक्की झाली, तर वरच्या वर्गातील निम्मा कंटाळा आपोआप ओसरतो.

देवळालीचे एक शिक्षक

गोडी कशी टिकते, याचे आपल्या महाराष्ट्रातील फार चांगले उदाहरण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. आपल्या पुलगाववरून मुंबईकडे जाणारी गाडी ज्या लोहमार्गाने जाते, त्याच मार्गावर देवळाली आहे. कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातील जागा नव्हती, संशोधनाला साहाय्य नव्हते. काही गणितज्ञ त्यांच्या कामाला क्षुल्लक लेखत. तरीही शाळा सुटल्यावर ते आकड्यांशी खेळत राहिले. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले, तेही रेल्वेच्या एका स्थानकावरून. कारण तो विचार त्यांना तिथे सुचला होता.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध कोणत्याही पाचवीच्या मुलाला करून पाहता येतो. चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिच्या अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या तयार करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग तिथेच थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

आपल्या परिचयाची साले घेऊन हे पाहू. धम्मदीक्षेचे वर्ष १९५६ :

९६५१ − १५६९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

तीन पायऱ्यांत उत्तर आले. बाबासाहेबांचे जन्मवर्ष १८९१ घेतले तर पाच पायऱ्या लागतात :

९८११ − ११८९ = ८६२२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आणि महाडच्या सत्याग्रहाचे वर्ष १९२७ घेतले तर :

९७२१ − १२७९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

येथे पूर्ण सात पायऱ्या लागल्या. या सालांचे त्या संख्येशी काही गूढ नाते आहे, असे कोणी समजू नये. इतर कोणतेही साल घेतले तरी सातच्या आत निकाल लागतो. यात चमत्कार नाही, हिशेब आहे. पण सरावाच्या दृष्टीने १९२७ चे उदाहरण बोलके आहे. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ५३५५ आणि १९९८ या संख्या पाहून, आपण मुक्कामाच्या जवळ आलो आहोत, असे मुळीच वाटत नाही. गणित सोडून देणारी बहुतेक मुले अशाच तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सोडून देतात.

कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. जगाचे लक्ष त्याकडे वळले ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यावर. दरम्यान सव्वीस वर्षे गेली. त्या सव्वीस वर्षांत त्यांना टाळ्यांनी चालवले नाही. पुढची वजाबाकी काय दाखवते, या उत्सुकतेने चालवले. परीक्षेचे गुण वर्षातून एक-दोनदा मिळतात. उत्सुकता रोज मिळू शकते. ज्या मुलाला आठवड्यातून एक तरी उदाहरण परीक्षेसाठी नव्हे तर गंमत म्हणून सोडवायला मिळते, त्याचा उरलेला सहा दिवसांचा सराव हलका होतो.

सरावसंच कसा सोडवावा

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक घटकात सरावसंच असतात आणि शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो. या दोहोंचा हेतू भिन्न आहे. सरावसंचात एका जातीची उदाहरणे एकत्र असतात. त्यांनी हात बसतो. संकीर्ण प्रश्नसंग्रहात निरनिराळ्या जातींची उदाहरणे मिसळलेली असतात. तेथे कोणती रीत वापरायची, हे आधी ओळखावे लागते. परीक्षेत ओळखण्याचेच काम असते. म्हणून 'सरावसंचात सगळे आले, पेपरात काहीच सुचले नाही' ही तक्रार ऐकू येते, तेव्हा संकीर्ण प्रश्न टाळले गेले आहेत, असे समजावे.

उदाहरण हाती घेतल्यावर काय करावे? जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने १९४५ साली उदाहरणे सोडवण्याच्या कलेवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने चार टप्पे सांगितले : प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, बेत पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. आपल्या मुलांचा ओढा दुसऱ्या टप्प्यावरून थेट उत्तरसूचीकडे जाण्याचा असतो. एक साधे उदाहरण घेऊ : दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १६८ आहे, तर त्या संख्या कोणत्या?

समीकरण मांडण्यापूर्वी अंदाज करून पाहावा. १० आणि १२ यांचा गुणाकार १२०, म्हणजे कमी. १४ आणि १६ यांचा २२४, म्हणजे जास्त. उत्तर यांच्या मध्ये असले पाहिजे, हे दोन ओळींत कळले. आता लहान संख्या क्ष मानली तर दुसरी क्ष + २; म्हणून क्ष(क्ष + २) = १६८. यावरून क्ष² + २क्ष − १६८ = ० आणि अवयव (क्ष + १४)(क्ष − १२) = ०. क्ष ची किंमत −१४ किंवा १२ येते. संख्या नैसर्गिक हव्यात, म्हणून −१४ सोडून द्यावी. उत्तर १२ आणि १४. शेवटी १२ × १४ = १६८ हा ताळा करावा आणि आधीच्या अंदाजाशी मेळ बसतो का, ते पाहावे. जो अंदाज करतो तो उत्तराची वाट पाहू लागतो आणि ज्याला उत्तराची वाट पाहावीशी वाटते, त्याला कंटाळा येत नाही.

उदाहरण अडले तर? येथेच बहुसंख्य मुले दोनपैकी एका टोकाला जातात. काही तासभर त्याच ओळीकडे पाहत बसतात, काही अर्ध्या मिनिटात गाईड उघडतात. मध्यम मार्ग असा : पंधरा मिनिटे प्रामाणिकपणे झटावे. त्या वेळात आकृती काढावी, दिलेले आणि काढायचे वेगळे लिहावे, लहान आकडे घेऊन तेच उदाहरण करून पाहावे. तरी सुटले नाही तर उत्तराची फक्त पुढची एक ओळ पाहावी, पुस्तक मिटावे आणि पुन्हा झटावे. पूर्ण उत्तर पाहावेच लागले तर दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण कोऱ्या पानावर, काही न पाहता सोडवावे. पाहून उतरवलेले उदाहरण झालेल्यांत मोजू नये.

एकाच दिवशी चाळीस आणि मग दहा दिवस एकही नाही, अशा सरावापेक्षा रोज पाच उदाहरणांचा सराव हिताचा असतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच स्मरणाचे प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की शिकलेले आपण प्रारंभी झपाट्याने विसरतो, नंतर सावकाश. आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एकाच बैठकीतील घोकंपट्टीहून अधिक टिकते. म्हणून रोजच्या पाच उदाहरणांत तीन आजची, एक मागच्या आठवड्यातील आणि एक मागच्या महिन्यातील असावे.

आणखी एक सवय उपयोगी पडते. उदाहरणाच्या क्रमांकासमोर तीनपैकी एक अक्षर लिहावे : स्वतः सोडवले तर 'स्व', मदतीने सोडवले तर 'म', राहिले तर 'रा'. महिन्याअखेर हे पान उघडले की 'रा'चे 'म' आणि 'म'चे 'स्व' होत गेलेले दिसतात. प्रगती डोळ्यांना दिसली पाहिजे. नुसत्या उपदेशाने ती दिसत नाही. चुकलेली उदाहरणेही खोडू नयेत. मागच्या काही पानांवर चुकांची यादी ठेवावी : चिन्ह चुकले, हातचा राहिला, प्रश्न अर्धाच वाचला, एकक लिहिले नाही. महिनाभरात लक्षात येते की आपल्या चुका शंभर प्रकारच्या नसून चार-पाच प्रकारच्या आहेत. चार शत्रूंशी लढता येते. शंभरांची धास्तीच माणसाला बसवून टाकते.

एकट्याचा अभ्यास आणि सोबतीचा अभ्यास

मन लागणे, न लागणे हा केवळ त्या मुलाचा स्वभावदोष आहे, ही समजूत किती फसवी असू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मोठ्या प्रमाणावर नापास होत. कारण विचारले असता प्राध्यापक सांगत की त्यांना शिकण्याची प्रेरणा नाही, पाया कच्चा आहे, घरी गरिबी आहे, पालकांचे लक्ष नाही. ही कारणे आपल्यालाही ओळखीची वाटतील. आपल्या मुलांविषयी ती आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

यूरी ट्राइझमन या अभ्यासकाने ही कारणे जशीच्या तशी मान्य केली नाहीत. त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्षात कसा अभ्यास करतात, हे त्यांच्या खोल्यांत जाऊन दीर्घकाळ पाहिले. प्रेरणेचा अभाव त्याला आढळला नाही. कृष्णवर्णीय मुले मोठी उमेद घेऊन आली होती, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या आणि शिक्षकांनी सांगितलेले तास ती निष्ठेने भरत होती. पण एकटी, दार लावून. चिनी मुले आधी एकटी अभ्यास करीत आणि मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. आपले अडले आहे ते सर्वांचेच अडले आहे की फक्त आपले, हे त्यांना कळत असे. एकट्या मुलाला प्रत्येक अडचण आपल्याच बुद्धीची उणीव वाटे.

ट्राइझमनने मग कच्च्यांसाठी सोप्या उदाहरणांचा वर्ग काढला नाही. त्याने कठीण उदाहरणे दिली आणि ती गटाने सोडवायला लावली. त्या गटांत बसलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले आणि ही पद्धत पुढे इतर अनेक विद्यापीठांनी उचलली.

निवासी विद्यालयाजवळ हे साधन अनायासे आहे. चार मुले एका दिव्याखाली बसलेली असतातच. फक्त बसण्याला रीत हवी. आधी पाऊण तास प्रत्येकाने एकट्याने सोडवावे, कारण एकट्याने झटल्याशिवाय गटात बोलण्यासारखे काही नसते. नंतर अर्धा तास वह्या समोरासमोर ठेवाव्यात. उत्तर विचारू नये, "ही पायरी कशी आली?" असे विचारावे. ज्याला आले त्याने समजावून सांगावे, कारण समजावताना त्याचे स्वतःचे अधिक पक्के होते. ज्याला आले नाही त्याची थट्टा होणार नाही, एवढी एकच अट गटप्रमुखाने पाळून घ्यावी. थट्टेच्या भीतीने न विचारलेला प्रश्न वर्षभर छातीवर बसतो.

फळ्यापर्यंत जाण्याचा हक्क

हे सारे एवढ्या आग्रहाने का लिहावे? आमच्या पूर्वजांसाठी फळ्यापर्यंत जाणे हीच लढाई होती, म्हणून. चरित्रकार धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या शालेय जीवनातील एक प्रसंग नोंदवला आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळू नयेत म्हणून मुलांनी धावत जाऊन आधी डबे हलवले आणि मगच भीमरावांना खडू हाती घेता आला. गणिताचे उदाहरण सोडवण्यापूर्वी सोडवावे लागणारे असे दुसरे उदाहरण आज आपल्या मुलांपुढे या शाळेत नाही. ज्यांच्यापुढे होते, त्यांनी काय केले, हे मात्र त्यांना ठाऊक असावे.

भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या गुणपत्रिकांच्या पुरात हा आकडा लहान दिसतो. पुढे त्यांनी जो विषय निवडला, तो आकड्यांचा होता : चलन, विनिमय दर आणि सरकारी वित्त. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी तो पुन्हा लिहिला, पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्येच डी.एस्सी. ही पदवी मिळवली. चुकांच्या लाल खुणांनी भरलेली वही परत मिळाली म्हणून जे मूल रडवेले होते, त्याला हा प्रबंध परत आल्याचा प्रसंग सांगावा. पदवी मिळाल्याचा प्रसंग त्याने पुष्कळदा ऐकलेला असतो.

हिशेब न येण्याची किंमत काय असते, हे जोतीराव फुले यांनी ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवायचे म्हणून जे विषय सुचवले, त्यांत वाचन-लेखनासोबत हिशेबही होता. शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेत बॉब मोझेस यांनी 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. मोझेस हे १९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जिवावर उदार होऊन लढलेले कार्यकर्ते. त्यांची भूमिका अशी की संगणकाच्या युगात बीजगणित न येणारा माणूस मताधिकार नसलेल्या माणसासारखाच बाहेर राहील. मुलांना ऋण संख्या शिकवण्यासाठी त्यांनी बॉस्टनच्या शहरी रेल्वेची स्थानके वापरली. आपल्यालाही ते करता येईल. पुलगाव म्हणजे शून्य मानावे. वर्धा-नागपूरकडची स्थानके धन, धामणगाव-बडनेऱ्याकडची ऋण. मग 'ऋण तीनमध्ये पाच मिळवले' म्हणजे कोणत्या फलाटावर उतरलो, हे सहावीचे मूल बोटाने दाखवते.

पालकांनी काय करावे

पुष्कळ पालक म्हणतात की आम्हालाच गणित येत नाही, मुलाला काय शिकवणार? शिकवण्याची आवश्यकता नाही. मुलगा सुटीत घरी आला की त्याला "किती मार्क पडले?" याऐवजी "या आठवड्यात कोणतं अडलं होतं आणि ते कसं सुटलं?" असे विचारावे. त्याला एक उदाहरण मोठ्याने समजावून सांगायला लावावे. ऐकणाऱ्याला कळले नाही तरी चालते. सांगणारा कुठे अडखळतो, ते त्याचे त्याला कळते.

"आपल्या घराण्यात गणिताचं डोकंच नाही" हे वाक्य मात्र घरात उच्चारू नये. मुलीसमोर तर मुळीच नाही. विद्या कोणाच्या रक्तात असते आणि कोणाच्या नसते, ही भाषा आपल्याला कोणी शिकवली, हे आठवावे आणि ती ज्याची त्याला परत करावी.

घरचा हिशेब मुलांच्या हाती द्यावा. कोणी बारा हजारांचे कर्ज वर्षभराच्या मुदतीने, 'फ्लॅट' बारा टक्के दराने देऊ करतो. व्याज १,४४० रुपये, एकूण १३,४४० आणि महिन्याचा हप्ता १,१२०. दर स्वस्त वाटतो. पण दरमहा हजार रुपये मुद्दल फिटत जाते, म्हणून वर्षभरात आपल्याकडे सरासरी साडेसहा हजारच राहतात. साडेसहा हजारांवर १,४४० रुपये व्याज म्हणजे दर सुमारे बावीस टक्के झाला. हे गणित करायला सरासरी आणि शेकडेवारी पुरते. आठवीतील मुलगी ते आईच्या बचत गटात समजावून सांगू शकते. ज्या दिवशी तिने तसे सांगितले आणि चार बायांनी ऐकून घेतले, त्या दिवसानंतर तिला गणिताची गोडी लावण्याचे निराळे प्रयत्न करावे लागत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

शेवटी, या विद्यालयातून शिकून गेलेल्यांना एक विनंती. आपण कार्यक्रमांना येता, सत्कार स्वीकारता, देणगी देता. त्याबद्दल विद्यालय कृतज्ञ आहे. पुढच्या वेळी भाषणासाठी राखलेल्या वेळातील एक तास अभ्यासिकेत द्यावा. आपल्यापैकी कोणी कारखान्यात आहेत, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी शेती करतात. आपल्या कामात रोज लागणारे एक उदाहरण आणावे आणि मुलांसोबत बसून ते सोडवावे. अडले तर मुलांसमोरच थोडे अडावे. मोठी माणसेही अडतात आणि मग पुढे जातात, हे त्यांना पाहायला मिळेल. येताना एक कोरी वही आणि दोन-चार पेन्सिली आणल्या तर उत्तम. उदाहरणे इथे भरपूर आहेत.